वाचकांचे प्रश्न : ज्वालामुखीवरची संध्याकाळ

प्रश्न : आमची मुलगी कॅलिफोर्नियात असते. यंदा मेअखेरीस मी आणि माझे यजमान तीन महिन्यांसाठी तिच्याकडे जाणार आहोत आणि जूनमध्ये सगळ्यांनी मिळून हवाई बेटांवर जायचे ठरते आहे. तिथे ‘मौना केआ’ नावाच्या ज्वालामुखीवर सूर्यास्त दाखवून नंतर दुर्बिणीतून तारे दाखवणारी सहल असते, तिचे आरक्षण जावई करणार आहेत. माझे वय ६१ असून मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. यजमानांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे आणि नातू नऊ वर्षांचा आहे. ज्वालामुखीवर जाणे सुरक्षित असते का? तारे तर आमच्या गच्चीवरूनही दिसतात, मग एवढा खर्च करून तिथे वेगळे काय दिसणार? आणि तारीख कशी निवडावी?
— एक वाचक भगिनी, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आपल्याला भीती ज्वालामुखीची वाटते आहे, ती उंचीची वाटायला हवी. मौना केआचा शेवटचा उद्रेक सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी झाला आणि तेव्हापासून तो झोपलेला आहे. बातम्यांत लाव्हा वाहताना दिसतो तो त्याच बेटावरच्या किलाउएआचा, आणि २०२२च्या नोव्हेंबरात जागा झाला तो शेजारचा मौना लोआ. या तिघांची नावे ऐकून अनेकांची गल्लत होते. मौना केआवर आपल्याला धूर, निखारे किंवा गंधकाचा वास यांपैकी काहीही भेटणार नाही; भेटतील ती लालसर राखेची बोडकी टेकाडे, वेधशाळांचे पांढरे घुमट आणि बोचरी थंडी.

त्याची उंची मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०५ मीटर आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे त्याच्या अडीचपटीहून जास्त. शिवाय आपण कळसूबाईला पायी, दमत दमत चढतो, त्यामुळे शरीराला थोडी सवय होत जाते. इथे दुपारी समुद्रकिनाऱ्यावर असलेला माणूस संध्याकाळी गाडीतून थेट शिखरावर पोहोचतो. तिथे हवेचा दाब किनाऱ्यावरच्या दाबाच्या साधारण साठ टक्केच असतो. मी काही वर्षांपूर्वी गेलो होतो तेव्हा पिशवीत नाशिकहून नेलेले चिवड्याचे बंद पाकीट होते. वर पोहोचेपर्यंत ते उशीसारखे टम्म फुगले, इतके की शेजारच्या जपानी गृहस्थांनी ते हातात घेऊन कौतुकाने दाबून पाहिले. पाकिटाला जे कळते ते आपल्या डोक्याला आणि छातीलाही कळत असते : डोके दुखणे, मळमळणे, दोन पावले भरभर टाकली तरी धाप लागणे. त्रास वाढू लागला तर त्यावर खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे ताबडतोब खाली उतरणे.

म्हणून सर्व सहली वाटेत सुमारे २,८०० मीटरवर असलेल्या अभ्यागत केंद्रावर थांबतात. ‘चॅलेंजर’ यानाच्या १९८६ मधील दुर्घटनेत मरण पावलेले हवाईचे अंतराळवीर एलिसन ओनिझुका यांचे नाव तिथल्या केंद्राला दिलेले आहे. तिथे किमान अर्धा तास थांबून हवेची सवय करून घ्यावी, असे सर्वांना सांगितले जाते. हृदयविकार किंवा श्वसनाचे विकार असलेल्यांनी, गर्भवतींनी, आदल्या चोवीस तासांत समुद्रात खोल बुडी मारलेल्यांनी आणि तेरा वर्षांखालील मुलांनी या केंद्राच्या वर जाऊ नये, अशी स्पष्ट सूचना आहे. तेव्हा नातवाचा प्रश्न तिथेच मिटतो. यजमानांच्या बाबतीत त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांचे मत निघण्यापूर्वी नाशिकमध्येच घ्यावे. ‘आता मला काही होत नाही’ हे त्यांचे स्वतःचे मत त्यासाठी पुरेसे नाही. आपल्या रक्तदाबाविषयीही डॉक्टरांना विचारावे आणि विचारताना ‘हवाईला जातो आहोत’ एवढेच न सांगता ‘काही तासांत चौदा हजार फुटांच्या आसपास जाणार आहोत’ असे सांगावे, कारण हवाई म्हटले की डॉक्टरांच्याही डोळ्यांसमोर समुद्रकिनाराच येतो.

यजमान आणि नातू मागे राहिले म्हणून त्यांचे तारे हुकत नाहीत, हे मात्र लक्षात घ्या. शिखर सर्वसामान्यांसाठी सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने बंद होते, कारण गाड्यांच्या दिव्यांचा वेधशाळांना उपद्रव होतो. सहलीतल्या लोकांनाही सूर्यास्तानंतर खाली आणले जाते आणि तारे दाखवले जातात ते साधारण केंद्राच्याच उंचीवर. त्यात तोटा काहीच नाही. प्राणवायू कमी पडला की डोळ्यांची अंधारात पाहण्याची शक्ती घटते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना शिखरापेक्षा २,८०० मीटरवर जास्त तारे दिसतात. या केंद्रापर्यंतचा रस्ता डांबरी आहे. त्यापुढचा चढ कच्चा, तीव्र आणि चारही चाकांना जोर असलेल्या गाडीचा. तेव्हा आपण आणि मुलीने सहलीबरोबर वर जावे, आणि जावयांनी आजोबा-नातवाला घेऊन केंद्राजवळच्या टेकाडावरून सूर्यास्त पाहावा, असा बेत मला सर्वांत सोयीचा वाटतो. जावयांना तो पटेल की नाही, हे मात्र मी सांगू शकत नाही.

आता आपला खरा प्रश्न : वेगळे काय दिसणार?

नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि मौना केआ १९.८ अंशांवर. म्हणजे अर्धी पृथ्वी ओलांडून आपण जिथे जाणार आहात तिथले आकाश जवळजवळ तंतोतंत इंदिरानगरचेच आहे. ध्रुवतारा तितकाच, क्षितिजापासून वीस अंश वर. दक्षिणेला जेवढे आपल्याला दिसते तेवढेच तिथे दिसते. स्वाती हा तारा नाशिकच्या अगदी माथ्याजवळून जातो, तसाच तो हवाईच्याही माथ्यावरून जातो. पॅसिफिक महासागरात होकायंत्राशिवाय होड्या हाकणारे तिथले जुने दर्यावर्दी स्वातीला ‘होकुलेआ’, म्हणजे आनंदाचा तारा, म्हणत. तो बरोबर डोक्यावर येऊ लागला की आपण घराच्या अक्षांशावर आलो, हे त्यांना कळत असे. जुन्या पद्धतीने बांधलेली त्याच नावाची एक नौका १९७६ साली उपकरणांशिवाय हवाईहून ताहितीपर्यंत गेली. आपण जूनच्या मध्यास गेलात तर अंधार पडता पडता मान सरळ वर करा. जो नारिंगी तेजस्वी तारा दिसेल तो स्वाती.

मग फरक कशाचा? एक अंधाराचा आणि दुसरा, अधिक महत्त्वाचा, पावसाचा. आकाशगंगेचा सर्वांत भरगच्च भाग वृश्चिक आणि धनू या राशींत आहे आणि तो रात्रीच्या पहिल्या प्रहरी वर येतो तो जून ते सप्टेंबर या काळात, म्हणजे नेमका आपल्या पावसाळ्यात. मृगाचा पाऊस सुरू झाला की नाशिककराचे संध्याकाळचे आकाश मिटते ते नवरात्राच्या सुमारास उघडते, आणि तोवर धनू नैऋत्येकडे कलू लागलेली असते. गोदावरीला नुसते ‘गंगा’ म्हणणाऱ्या आपल्या गावाला ही दुसरी गंगा अशी वर्षानुवर्षे ढगाआड हरवते. मौना केआवर बहुतेक दिवशी ढगांचा थर शिखराच्या खूप खाली, साधारण दोन हजार मीटरच्या आसपास अडकून राहतो, कारण त्या उंचीवर उबदार हवेचे झाकण असते आणि खालची दमट हवा ते भेदू शकत नाही. त्या झाकणाच्या वरची हवा कोरडी आणि स्थिर असते. म्हणून तर दहा मीटर व्यासाच्या आरशांच्या केक दुर्बिणी आणि जपानची ८.२ मीटरची सुबारू तिथे उभ्या आहेत. आपल्याला गच्चीवरून जे जूनमध्ये कधीच दिसत नाही तेच तिथे दिसणार आहे, आणि आपला प्रवास जूनचा आहे, हा योगायोग चांगला जुळला आहे. हीच सहल डिसेंबरात असती तर ‘मृग नक्षत्र आणि कृत्तिका इगतपुरीच्या पुढे जाऊन पाहा आणि पैसे वाचवा’ असे मी लिहिले असते.

या मोठ्या दुर्बिणींतून पाहायला मिळेल अशी आशा मात्र ठेवू नये. सहलीचे मार्गदर्शक स्वतःची छोटी दुर्बीण लावतात. तिच्यातून तारकागुच्छ सुरेख दिसतात, पण तेजोमेघ छायाचित्रांतल्यासारखे रंगीत नसून राखाडी धुक्याच्या ठिपक्यासारखे दिसतात. नातवाला हे आधीच सांगून ठेवावे.

तारखेसाठी घरातले पंचांग पुरेसे आहे. पौर्णिमेच्या मागेपुढे चार-पाच दिवस टाळावेत. संकष्टीला चंद्रोदय रात्री नऊच्या सुमारास होतो हे आपल्याला उपवासामुळे पाठच असेल. तिथेही जूनमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो आणि पूर्ण काळोख व्हायला आणखी सव्वा तास लागतो, म्हणजे संकष्टीला हाती जेमतेम तासभर उरेल. कृष्ण पक्षातली षष्ठी उलटल्यापासून शुक्ल तृतीयेपर्यंतचा कोणताही दिवस उत्तम. हवाईचे घड्याळ आपल्या साडेपंधरा तास मागे असते. तिथे शनिवारी रात्रीचे आठ वाजतात तेव्हा नाशिकला रविवारचे सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात, तेव्हा तिथी एखाद्या दिवसाने पुढे सरकली तर गोंधळून जाऊ नये. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात अमावास्या जवळ असेल तर ती तारीख पकडा, कारण तेव्हा अंधार पडताच दक्षिण क्षितिजालगत त्रिशंकू हा तारकासमूहही दिसतो.

सूर्यास्ताविषयी एकच सूचना. सगळे पश्चिमेकडे तोंड करून मोबाइल धरतील. आपण सूर्य टेकत आला की मागे वळा. पूर्वेकडच्या ढगांवर आणि धुरकट हवेवर डोंगराची निळसर सावली पसरलेली दिसेल आणि ती रेखीव त्रिकोणी असेल. डोंगर तसा टोकदार मुळीच नाही. लांब जाणारे रूळ जसे दूरवर एकत्र आल्यासारखे वाटतात, तशी ही लांबलचक सावली दूर निमुळती होते आणि कोणत्याही डोंगराची असली तरी त्रिकोणीच दिसते. उंचीमुळे क्षितिजही खाली गेलेले असते, त्यामुळे हिशेबाने किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ मिनिटे उशिरा सूर्य मावळतो.

शिखरावर जूनमध्येही पारा शून्याच्या जवळ जातो. जाड जाकीट बहुधा सहलीवालेच देतात, पण कानटोपी, हातमोजे आणि बंद बूट आपले आपण न्यावेत. साडी नेसायचीच असेल तर आत गरम लेगिंग घालावी. स्थानिक हवाईयन लोकांना हा डोंगर आपल्याला ब्रह्मगिरी आहे तसा पवित्र आहे. भारतही भागीदार असलेल्या तीस मीटर दुर्बिणीचे काम तिथे त्यांच्या विरोधामुळेच थांबले. तेव्हा अगदी वरच्या टेकाडावर चढू नये आणि आठवण म्हणून दगड उचलू नये.

प्रश्न : गेल्या अंकात सह्याद्री ज्वालामुखीपासून झाला असे वाचले. मग आमच्याकडची शंकूसारखी दिसणारी टेकाडे म्हणजे विझलेले ज्वालामुखीच का? तसे असेल तर ज्वालामुखीवरचा सूर्यास्त आणि तारे पाहायला परदेशी कशाला जायचे?
— एक विद्यार्थी, सिन्नर

उत्तर : दगड ज्वालामुखीचा आहे, डोंगर ज्वालामुखी नाहीत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला, पसरला आणि थरावर थर गोठत गेला. पुढे पाण्याने आणि वाऱ्याने हे पठार कोरले आणि जे उरले ते आपले डोंगर. त्र्यंबकच्या रस्त्याने जाताना अंजनेरीच्या कड्यावर आडव्या रेघा दिसतात ना, ते हे थर. ज्वालामुखीच्या मुखातून उडालेली राख साचून मौना केआवरची टेकाडे झाली; आपली टेकाडे मात्र झिजून झाली आहेत.

नाते मात्र आहे. दोन्हीकडचा खडक बेसाल्टच, आणि हवाईत नुकता गोठलेला लाव्हा आणि सह्याद्रीतला कोट्यवधी वर्षांपूर्वीचा लाव्हा यांना भूशास्त्रज्ञ एकच नावे वापरतात : दोरखंडाच्या वळ्यांसारखा गुळगुळीत तो ‘पाहोएहोए’ आणि खडबडीत, तुकड्या-तुकड्यांचा तो ‘आआ’. दोन्ही शब्द मुळात हवाईयन भाषेतले. लाव्हा गोठताना त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे झिओलाइट या खनिजांचे स्फटिक वाढले. ते पाहायला तुम्हाला सिन्नर सोडावे लागत नाही. गारगोटी संग्रहालय तुमच्या गावातच आहे.

ताऱ्यांसाठी नाशिक शहराचा उजेड पाठीशी टाकून पेठ, हरसूल किंवा सुरगाण्याच्या बाजूला जा. अंधारात किल्ला चढण्यापेक्षा पायथ्याच्या गावात ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या खळ्यावर सतरंजी टाकलेली बरी. वर सांगितलेला धनू राशीतला भाग आपल्याकडे पाहायचा असेल तर पावसाळ्याआधी पाहावा : होळीनंतरच्या अमावास्येच्या आसपास, पहाटे साडेचारला, आग्नेय दिशेला. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद रबराने बांधा आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटे मोबाइल खिशातच राहू द्या.