७ आणि ११ वर्षांच्या मुलांबरोबर ‘डॉक्टर हू’ बघावी का?

मुलगी ७ वर्षांची, मुलगा ११ चा, आणि २००५ पासूनची ‘डॉक्टर हू’ (काळात मागेपुढे फिरणाऱ्या, डॉक्टर नावाच्या परग्रहवासीची बीबीसीची मालिका) सगळ्यांनी मिळून बघायची आहे. पण कोणी म्हणतं घरच्यांसाठीच आहे, कोणी म्हणतं मुलं घाबरतात, मग खरं काय धरायचं, असा तुमचा प्रश्न आहे. माझं मत विचाराल तर जरूर बघा. फक्त सगळ्या भागांना एकच माप लावू नका.

वयोगट ठरवताना मुख्यतः मारामारी, रक्त, शिव्या, नग्नता बघतात. या मालिकेत ते फारसं नाही. डॉक्टर बंदूकसुद्धा सहसा हातात धरत नाही, त्याच्याकडे असतो सॉनिक स्क्रूड्रायव्हर, म्हणजे कुलपं-यंत्रं उघडणारं एक छोटं अवजार. मूल घाबरतं ते रोजच्या वस्तूला. पहिल्याच भागात दुकानातले, कपडे घालून उभे केलेले पुतळे चालायला लागतात. परग्रहावरचा राक्षस टीव्ही बंद केला की गेला, पण दुकानातला पुतळा उद्या परत दिसणार असतो.

हे मला ‘ब्लिंक’च्या वेळी कळलं (२००७, तिसरा सीझन, दहावा भाग). त्यात देवदूतांचे दगडी पुतळे आहेत. कोणी बघत असेल तोवर ते दगड असतात, पापणी लवली की पुढे सरकतात. रक्ताचा थेंब नाही. ते माणसाला नुसतं भूतकाळात ढकलतात. माझी धाकटी तेव्हा ८ वर्षांची होती आणि भाग चालू असताना अगदी मजेत बघत होती. रात्री पाणी प्यायला उठलो, तर ही अंथरुणात बसलेली, हातातला टॉर्च कपाटावरच्या चिनीमातीच्या बाहुलीवर रोखलेला. “मी दुसरीकडे बघितलं की ती येईल,” म्हणाली. बाहुली आठवडाभर दुसऱ्या खोलीत होती.

त्यामानाने ‘द एम्प्टी चाइल्ड’ (२००५, नववा भाग) ऐकायला जास्त भयानक. १९४१ चं लंडन, बॉम्बवर्षाव, आणि चेहऱ्याला गॅस मास्क चिकटलेला एक छोटा मुलगा, जो दिसेल त्याला तू माझी आई आहेस का असं विचारत फिरतो. तरी हा मी ‘ब्लिंक’च्या आधी दाखवीन. कारण पुढच्या, ‘द डॉक्टर डान्सेस’ या भागात त्या मुलाला आई मिळते, मास्क निघतो, आणि एकही माणूस मरत नाही. म्हणजे भीती दाखवली आणि तिथल्या तिथे मिटवलीही. मात्र दोन्ही भाग एकाच दिवशी बघा. नववा भाग ऐन धोक्यात तुटतो. तिथे थांबून मुलीला झोपायला पाठवू नका. १९७६ मध्ये याच मालिकेच्या जुन्या पर्वात ‘द डेडली असॅसिन’ या गोष्टीचा एक भाग डॉक्टरचं डोकं पाण्याखाली दाबलेलं असतानाच संपला, तेव्हा टीव्हीवरच्या हिंसेविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या मेरी व्हाइटहाउस यांनी बीबीसीकडे तक्रार केली होती. पुढचा भाग येईपर्यंत मुलाच्या डोक्यात तेच चित्र राहतं, हा त्यांचा आक्षेप मला आई-बापाच्या जागेवरून पटतो.

मुलाची काळजी वेगळी. कॅप्टन जॅक हा डॉक्टरचा साथीदार ‘द एम्प्टी चाइल्ड’मध्येच पहिल्यांदा येतो, आणि ११ वर्षांच्या पोराला तो आवडतोच. मग शोधत गेला की जॅकचीच मालिका ‘टॉर्चवुड’ सापडेल (२००६). जग तेच, पण मालिका मोठ्यांसाठी काढलेली. लैंगिक प्रसंग आणि हिंसा दोन्ही भरपूर. ब्रिटनमध्ये ती रात्री ९ नंतरच सुरू झाली. तिला कुलूप लावून ठेवा आणि त्याला ‘द सारा जेन ॲडव्हेंचर्स’ द्या (२००७). तीही त्याच जगातली आहे, आणि मुलांसाठीच आहे.

दुसऱ्या सीझनच्या शेवटी डॉक्टरची सोबतीण रोझ आणि डॉक्टर यांची ताटातूट होते, तिथे रडारड होईल. होऊ द्या. ‘ब्लिंक’ मात्र दुपारी लावा. गोष्ट संपल्यावर अगदी शेवटी इकडचे तिकडचे साधे पुतळे एकामागून एक दाखवतात, गोष्टीबाहेरचे, कुठेही दिसणारे. ते सुरू व्हायच्या आधीच टीव्ही बंद करा.