बर्फातला माग आणि ममदापूरची काळविटं

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत, मेन राज्यात असतो. नोव्हेंबरात परवाना काढून हरणाच्या शिकारीला जातो. म्हणतो, ताजा बर्फ पडला की पहाटे निघायचं, पण तासाभरात शे-दोनशे पावलंच चालायची. ठसे समोर स्वच्छ दिसत असताना एवढा संथपणा कशाला? आणि नुसता कॅमेरा घेऊन हे आपल्याकडे जमेल का?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : भाच्याचं बरोबर आहे. ठसा सांगतो हरीण कुठून गेलं. आत्ता कुठं आहे ते नाही. तिथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण बरेचदा आल्या वाटेवर नजर ठेवून बसतं. मागावरून तरातरा गेलात तर तुम्ही त्याला आधी दिसता, तुम्हाला दिसते ती फक्त उडालेली शेपटी. म्हणून मागाच्या जरा बाजूनं, वारा तोंडावर घेऊन, दोन-तीन पावलं टाकायची, खोडाला टेकून थांबायचं आणि पुढचं रान नजरेनं चाळायचं. अख्खं हरीण शोधू नये. उभ्या खोडांमध्ये एखादी आडवी रेघ दिसते, ती त्याची पाठ.

ताज्या बर्फात पाऊल वाजत नाही, शिवाय वेळेचा हिशेब लागतो. बर्फ पहाटे चारला थांबला असेल तर त्यावरचा ठसा चारनंतरचाच. कडेला बोट लावावं : भुसभुशीत म्हणजे ताजा, कडक म्हणजे जुना. दिवसा वितळून रात्री गोठलेला बर्फ मात्र पापडासारखा कडकड मोडतो. त्या दिवशी सरळ घरी बसावं.

हां, भाच्याला डोक्यावर आणि अंगावर भडक नारिंगी घालावंच लागतं, तिथला कायदाच आहे. हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही, दुसऱ्या बंदूकवाल्याला दिसतो.

आपल्याकडे बंदुकीचा विषयच नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे आणि काळवीट अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत येतं. तीन ते सात वर्षं आत. कॅमेऱ्यासाठी येवल्याजवळचं ममदापूर गाठा, जाण्याआधी वनखात्याला विचारा. पण तिथं माळ उघडा. काळवीट नजरेवर जगतं, लपतछपत जवळ जाणं विसरा. एका जागी बसा. माग शिकायचा तर सूर्य उगवताना गाडीवाटेच्या फुफाट्यात, वारा सुटायच्या आत. रात्रीच्या ट्रॅक्टरच्या चाकोरीवर खूर उमटला असेल तर जनावर ट्रॅक्टरनंतरचं. हा सराव तुमच्याकडच्या उसाच्या बांधावर मात्र नको. तिथं मागाच्या टोकाला बिबट्या असू शकतो.