इरावती : नदीचे नाव, लेकीचे नाव

प्रश्न : माझ्या भावाला मुलगी झाली असून येत्या रविवारी बारसे आहे. आत्या म्हणून नाव ठेवण्याचा मान माझा, आणि मी ‘इरावती’ हे नाव सुचवले आहे. वहिनीला ते आवडले, पण घरात शंका निघाल्या आहेत. एका नामसंग्रहात या नावाचा अर्थ ‘सरस्वती’ असा दिला आहे, दुसऱ्यात ‘पृथ्वी’, तर तिसऱ्यात ‘ब्रह्मदेशातील एक नदी’. मुलीला नदीचे नाव ठेवू नये असे शास्त्रात सांगितले आहे, असे काकूंचे म्हणणे आहे. भावाला वाटते की हे नाव फारसे कोणाचे नसल्यामुळे मुलीला शाळेत अवघडल्यासारखे होईल. आपण मार्गदर्शन करावे.
– एक आत्या, सातारा

उत्तर : आत्याबाईंचे अभिनंदन. शंका तिन्ही रास्त आहेत, आणि अर्थाची शंका सर्वांत रसाळ असल्यामुळे तिच्यापासून सुरुवात करू.

संस्कृतात ‘इरा’ म्हणजे पिण्याजोगे, जीव पोसणारे द्रव्य. मग ते पाणी असो, दूध असो वा अन्नरस. त्याला ‘वत्’ हा प्रत्यय लागून स्त्रीलिंगी रूप ‘इरावती’ होते, म्हणजे जिच्यापाशी असा रस भरपूर आहे ती. कोणाचे नाव होण्याच्या कितीतरी आधी हा शब्द विशेषण म्हणून वावरत होता. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील नव्व्याण्णवाव्या सूक्तात द्यावापृथिवींना, म्हणजे आकाश आणि पृथ्वी यांना, उद्देशून ‘इरावती धेनुमती’ असे म्हटले आहे. माणसासाठी तुम्ही अन्नरसाने भरलेल्या आणि दुभत्या गाईंनी संपन्न व्हा, असा त्याचा भाव आहे. पाळण्यातल्या मुलीसाठी यापेक्षा चांगला आशीर्वाद मला तरी सुचत नाही.

नामसंग्रहांतील ‘सरस्वती’ आणि ‘पृथ्वी’ हे अर्थ चुकीचे नाहीत, अर्धवट आहेत. अमरकोशात ‘इरा भूवाक्सुराप्सु स्यात्’ असे आहे, म्हणजे ‘इरा’ या शब्दाचे पृथ्वी, वाणी, मद्य आणि पाणी असे चार अर्थ होतात. वाणी म्हटली की सरस्वती आलीच. मद्य हा अर्थ मात्र बारशाच्या पुस्तकांतून हळूच गळतो, आणि संकलकांची अडचण समजण्यासारखी आहे. गंमत अशी की कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात अग्निमित्र राजाच्या धाकट्या राणीचे नाव इरावती आहे आणि तिसऱ्या अंकात ती मद्याच्या अंमलाखालीच रंगभूमीवर येते. मद हा म्हणे स्त्रियांचा खास अलंकार, हे खरे का, असे ती आपल्या दासीला, निपुणिकेला विचारते. पुढे राजा मालविकेशी सलगी करताना सापडतो, तेव्हा ही राणी कमरेची मेखला त्याच्यावर उगारते. कालिदासाने हे नाव अर्थ जाणूनच योजले असावे असे मला वाटते, पण तो माझा तर्क आहे. काकूंना हा प्रसंग बारशाआधी सांगावा की नंतर, ते आपण ठरवावे. समतोलासाठी हेही सांगता येईल की भागवत पुराणानुसार परीक्षित राजाची पत्नी आणि जनमेजयाची आई इरावतीच होती, आणि रामायणाच्या अरण्यकांडात ऐरावत हत्तीच्या आईचे नाव इरावती आहे.

आता नदीकडे वळू. तिसऱ्या पुस्तकाने एकच नदी सांगितली, पण या नावाच्या दोन नद्या प्रसिद्ध आहेत. पहिली आपली पंजाबातील रावी. ऋग्वेदात तिचे नाव परुष्णी आहे, आणि यास्काचार्यांनी वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या निरुक्तात ‘इरावती म्हणजेच परुष्णी’ असा खुलासा केला आहे. ‘अरण्य’ शब्दातला आरंभीचा स्वर गळून जसे आपले ‘रान’ झाले, तसेच ‘इरावती’तला ‘इ’ गळाला, मधला ‘त’ विरला आणि ‘रावी’ उरली. दुसरी ब्रह्मदेशातील. ब्रह्मी लिपीत या नावाचे लेखन आजही ‘एरावती’ असे होते. मात्र त्या भाषेत ‘र’चा उच्चार ‘य’कडे गेल्यामुळे तिथला माणूस ते ‘एयावदी’च्या जवळपास म्हणतो, आणि १९८९ साली देशाच्या नावाबरोबर नदीचे इंग्रजी लेखनही या उच्चाराला धरून बदलण्यात आले.

महाराष्ट्रात हे नाव आले ते पोथीतून कमी आणि या दुसऱ्या नदीवरून अधिक, असे म्हणायला एक ठळक आधार आहे. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील म्यिंजान या गावी झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथे नोकरीला होते. गाव इरावतीच्या काठी वसलेले, म्हणून मुलीचे नाव इरावती. त्या काळी ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता आणि मराठी माणसाला तो आजच्याइतका परका नव्हता. तिथला शेवटचा राजा थिबा याच नदीतून बोटीने मंडालेहून बाहेर नेला गेला आणि १८८६ पासून मृत्यूपर्यंत रत्नागिरीत नजरकैदेत राहिला. उलट दिशेने लोकमान्य टिळक १९०८ साली मंडालेच्या तुरुंगात गेले. अशा येण्याजाण्याच्या काळात एका मराठी घराने परमुलखातल्या नदीचे नाव लेकीला दिले, आणि ते नाव मुळात संस्कृत असल्यामुळे पुण्यात कोणालाही परके वाटले नाही. पुढे त्यांच्या ‘युगान्त’ या पुस्तकाला १९६८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तोवर हे नाव सुशिक्षित मराठी घरांत पुरते ओळखीचे झाले होते. नंतरच्या पिढीत अभिनेत्री इरावती हर्षे यांच्यामुळे ते पडद्यावरही आले.

काकूंच्या आक्षेपाला आधार आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी, साप इत्यादींची नावे असलेल्या मुलीशी विवाह करू नये असे म्हटले आहे. म्हणजे तो उपदेश मुलीच्या आईबापांना नसून वराला आहे; पण वर मिळावा म्हणून आईबाप तो पाळणार, हेही उघड आहे. प्रत्यक्षात महाराष्ट्राने तो कधी मनावर घेतला नाही. गोदावरी, कृष्णा, यमुना, नर्मदा, भागीरथी, कावेरी ही नावे आपल्या आज्या-पणज्यांची आहेत आणि त्या सर्वांची लग्ने व्यवस्थित झाली. त्याच स्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रीचे नाव कसे असावे हेही सांगितले आहे. ते उच्चाराला सोपे, सौम्य, स्पष्ट अर्थाचे, मनोहर, मंगल, शेवटी दीर्घ स्वर असलेले आणि आशीर्वाद सुचवणारे असावे. इरावती या कसोटीला जवळजवळ पूर्ण उतरते. आश्वलायन गृह्यसूत्राप्रमाणे मुलीच्या नावात विषम अक्षरे हवीत, तिथे मात्र चार अक्षरांची इरावती नापास होते. पण मग गोदावरी आणि भागीरथीही नापास, आणि ‘सीता’सुद्धा.

या संदर्भात कर्वे कुटुंबातलीच एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. इरावतीबाईंच्या सासूबाई म्हणजे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी. त्यांचे माहेरचे नाव गोदूबाई. १८९३ साली पुनर्विवाह झाल्यावर त्या आनंदीबाई झाल्या, कारण लग्नात मुलीचे नाव बदलणे हा आपल्याकडचा सर्रास रिवाज होता. ताम्हनात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवे नाव लिहिले की जुने संपले. सासूचे नदीचे नाव असे पुसले गेले. त्याच घरात दिनकर कर्वे यांच्याशी लग्न करून आलेली सून मात्र इरावतीच राहिली, आणि जवळच्यांसाठी ‘इरू’.

उरली भावाची शंका. आपल्याकडे बाळांच्या नावांची वार्षिक सरकारी क्रमवारी प्रसिद्ध होत नाही, त्यामुळे ‘या नावाचा कितवा क्रमांक’ असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर ते मनावर घेऊ नये. कानाचाच आधार घ्यावा लागतो. माझ्या शाळेच्या हजेरीपटावर लीलावती होती, कलावती होती, पण इरावती एकही नव्हती. ‘वती’ने संपणारी नावे पुढे जुनाट वाटू लागली आणि मागे पडली; आता दोन-अडीच अक्षरांच्या नावांची चलती असल्यामुळे ‘इरा’ बरेच ऐकू येते आणि तिच्यामागून इरावतीही क्वचित डोकावते. नाव विरळ आहे, पण अपरिचित नाही. वर्गात तीन-तीन आराध्या असताना आडनावाचे पहिले अक्षर जोडून हाक मारून घेण्यापेक्षा हे बरे. उच्चाराला कुठे जोडाक्षर नाही, अर्थ सांगायला एक वाक्य पुरते, आणि घरात हाक मारायला इरा, इरू अशी तयार रूपे आहेत.

भावाला एवढेच सांगा की लेखनाचा निर्णय आधी पक्का करा. मराठीत पहिला ‘इ’ ऱ्हस्वच लिहावा. ‘ईरावती’ ही चूक आहे. इंग्रजीत ‘व’साठी डब्ल्यू घ्यायचा की व्ही, यावर घरात एकमत झाल्याशिवाय जन्मनोंदणीत नाव घालण्याची घाई करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते, पण ती नावाशिवायही होते. नाव नंतर १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क आणि त्यापुढे विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत हाच दाखला मूळ पुरावा धरला जात असल्यामुळे तिथले एक अक्षर पुढे बरीच वर्षे पाठ सोडत नाही. इरावतीबाई स्वतः डब्ल्यू लिहीत.

प्रश्न : माझ्या नातीचे नाव ‘इरा’ ठेवायचे ठरत आहे. मुलाच्या कार्यालयातील सहकारी म्हणतात की अमेरिकेत हे पुरुषाचे नाव आहे. हे खरे आहे का?
– एक आजोबा, न्यू जर्सी

उत्तर : खरे आहे, पण ते नाव वेगळे आहे. हिब्रू बायबलमध्ये दावीद राजाच्या पदरी इरा नावाचा एक पुरुष आहे. त्या नावाचा अर्थ ‘सावध, जागा असलेला’ असा सांगतात. त्यावरून ते अमेरिकेतील ज्यू आणि ख्रिस्ती पुरुषांत रुळले. गीतकार इरा गर्श्विन हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. तिकडे त्याचा उच्चार ‘आयरा’ असा होतो. रशियन घरांत इरीनाला लाडाने इरा म्हणतात, आणि ते मूळ ग्रीक ‘शांती’ या शब्दाकडे जाते. आपली इरा या दोघींहून निराळी. तिघींचा परस्परांशी काही संबंध नाही, फक्त अक्षरे जुळली आहेत.

आपल्या मुलाला याहून वेगळीच अडचण येण्याची शक्यता आहे. ही तीन इंग्रजी अक्षरे मोठ्या लिपीत लिहिली की अमेरिकन माणसाला निवृत्तिवेतनाचे खाते आठवते आणि आयरिश माणसाला सशस्त्र संघटना. यावर उपाय साताऱ्याच्या आत्याबाईंनी आधीच सुचवला आहे : दाखल्यावर इरावती लिहावे आणि घरात इरा म्हणावे. तिथल्या शिक्षिकेला चार अक्षरे म्हणायला पहिले दोन दिवस लागतील, पण निदान ती ‘आयरा’ म्हणणार नाही. अमेरिकेचे सामाजिक सुरक्षा प्रशासन वर्षभरात पाच किंवा अधिक बाळांना मिळालेली नावे लिंगानुसार जाहीर करते. त्या याद्या सर्वांना खुल्या आहेत, तेव्हा ‘इरा’ मुलींच्या यादीत किती जणींचे आहे आणि मुलग्यांच्या यादीत किती जणांचे, हे मुलाला तिथेच ताडून पाहता येईल.