‘पाठवते सगळ्यांना, उत्तर कोणाचंच येत नाही’

आवडलेला लेख, उपयोगी पडलेले एखादे ॲप किंवा सोडवताना मजा आलेले कोडे आपण मित्रमैत्रिणींना आपुलकीने पाठवतो, पलीकडून मात्र काहीच उत्तर येत नाही, आणि मग ‘मी त्यांना नकोशी झाले आहे का’ हा विचार मनात घर करून बसतो. माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे पुष्कळजण ही तक्रार पहिल्या भेटीत सांगतच नाहीत, कारण एवढ्याशा गोष्टीचे कोणी दुःख करते का, असे लोक म्हणतील याची त्यांना धास्ती असते. मला ही गोष्ट एवढीशी वाटत नाही. परभणीच्या एका ताईंची हकिगत त्यांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून येथे मांडत आहे.

ताईंनी चाळिशी ओलांडलेली आहे आणि त्या एका जिनिंगमध्ये हिशेबाचे काम पाहतात. त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण अंबाजोगाईला वसतिगृहात राहून झाले. तिथल्या मैत्रिणींचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे. कोणी नांदेडला परिचारिका आहे, कोणी पुण्यात पोळीभाजी केंद्र चालवते, कोणी बदनापूरकडे शेती सांभाळते. ताई माझ्याकडे आल्या त्या झोपेची तक्रार घेऊन. रात्री दोन-अडीचला जाग येते, हात आपोआप फोनकडे जातो, सकाळी पाठवलेला लेख कोणीकोणी पाहिला हे त्या पुन्हा तपासतात आणि मग उजाडेपर्यंत डोळा लागत नाही, असे त्यांनी सांगितले. “सगळ्या वाचायल्यात, मॅडम. निळी खूण दिसते ना. पण एकीलाही ‘छान आहे’ म्हणावं वाटत नाही. मी एकटीच बोलायले,” असे म्हणताना त्यांचा आवाज दाटून आला.

हे केव्हापासून, असे विचारल्यावर जून महिना निघाला. त्यांचा मुलगा नीटच्या तयारीसाठी लातूरला क्लासला गेला होता आणि पती नोकरीनिमित्त आठवडाभर बाहेरगावी असतात. जून उजाडला की मराठवाड्यातल्या कितीतरी घरांतली मुले अशी लातूरची वाट धरतात. मुलाच्या अभ्यासाची, खोलीची, डब्याची चौकशी सगळे करतात, पण मागे राहिलेल्या आईची संध्याकाळ कशी जाते हे फारसे कोणी विचारत नाही. ताईंच्या संध्याकाळी वाचनात जाऊ लागल्या आणि वाचलेले सांगायला घरात कोणी नसल्यामुळे ते सगळे ग्रुपवर जाऊ लागले.

दुसऱ्या भेटीत मी त्यांना फोन सोबत घेऊन बसायला सांगितले आणि आम्ही दोघींनी एका रविवारचे निरोप सावकाश वाचले. सकाळी आठच्या सुमारास, पंधरा-वीस मिनिटांच्या आत, चार गोष्टी एकापाठोपाठ गेलेल्या होत्या: अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत यांच्याविषयीच्या एका लेखाचा दुवा, एका दिवाळी अंकातील कथेच्या पानांचे फोटो, ‘दामिनी’ या वीजविषयक ॲपची माहिती आणि एक गणिती कोडे. चारही गोष्टी खरोखर चांगल्या होत्या. ताईंची निवड पारखीची आहे, हे मी त्यांना तेव्हाच सांगितले आणि आजही माझे तेच मत आहे. मात्र चारपैकी एकीसोबतही त्यांचे स्वतःचे एक वाक्य नव्हते. दोन निरोपांवर ‘फॉरवर्ड केलेला’ ही खूण होती. ही खूण व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये आणली, आणि हातोहात फिरून आलेल्या निरोपांचा पूर इतका वाढला की २०२० मध्ये वारंवार पुढे गेलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे बंधनही घातले गेले. ती खूण दिसताच अनेकांचे बोट पुढे सरकते. त्यांत आळस असेल, पण द्वेष नसतो.

मी ताईंना विचारले, “हे ‘दामिनी’ तुम्ही कोणासाठी पाठवलं?” त्या लगेच म्हणाल्या, “बदनापूरच्या मैत्रिणीसाठी. तिचा गोठा शेतात आहे. वळवाचं आभाळ भरून आलं की जनावरं सोडायला ती एकटीच पळते. मागं त्यांच्या शिवारात वीज पडली, तेव्हापासून मला तिची काळजी वाटते.” पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेले हे ॲप आपल्या आसपास २० ते ४० किलोमीटरच्या टापूतील विजेची सूचना देते, मराठवाड्यात वीज पडून माणसे आणि जनावरे दगावतात हे लक्षात घेता, शेतातल्या मैत्रिणीसाठी याहून उपयोगाची वस्तू सापडणे कठीण. मग मी विचारले, “आता तुम्ही मला जे सांगितलं, ते तिला लिहिलं होतं का?” ताई बराच वेळ फोनकडे पाहत राहिल्या. लिहिले नव्हते. काळजी ताईंच्या मनात होती आणि ग्रुपवर गेली ती फक्त ॲपची जाहिरात वाटावी अशी माहिती. ती आपल्यासाठी आहे हे बदनापूरच्या मैत्रिणीला कळायला काही मार्गच नव्हता, आणि नांदेडच्या मैत्रिणीला तर तिचा काही उपयोगही नव्हता.

ग्रुपवर असे का होते, याचा थोडा उलगडा मानसशास्त्रात सापडतो. जॉन डार्ली आणि बिब लाताने या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागी विद्यार्थ्यांना इंटरकॉमवरून दुसऱ्या एकाला अपस्माराचा झटका आल्याचे ऐकवले होते. ऐकणारे फक्त आपणच आहोत असे ज्यांना वाटत होते त्यांतील ८५ टक्के जण झटका संपण्याआधी मदतीसाठी उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते त्यांतील ३१ टक्केच उठले. प्रयोगातला प्रसंग जीवनमरणाचा होता आणि आपला विषय हलकाफुलका आहे, त्यामुळे ही टक्केवारी येथे जशीच्या तशी लावता येणार नाही. पण अनेकांना मिळून सांगितलेल्या गोष्टीला उत्तर देण्याची जबाबदारी प्रत्येकाला दुसऱ्याची वाटते, एवढे त्यावरून समजण्यासारखे आहे. ताईंच्या ग्रुपवर तेच होत होते.

उत्तर न येण्याचे कारण कळले म्हणून दुःख लगेच कमी होत नाही. तिथे मी विवेकनिष्ठ मानसोपचाराचा आधार घेतला. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेल्या या पद्धतीनुसार घटना आपल्याला थेट दुःखी करत नाही. घटनेविषयी मनात धरलेला हट्टी आग्रह दुःखी करतो. ‘मैत्रिणींनी दाद दिली तर मला बरे वाटेल’ ही इच्छा आहे आणि ती अगदी रास्त आहे. ‘त्यांनी दाद दिलीच पाहिजे, दिली नाही म्हणजे मला किंमत नाही’ हा आग्रह आहे. ताईंनी ही दोन्ही वाक्ये वहीत लिहिली आणि रात्री जाग आल्यावर आपल्या मनात नेमके कोणते वाक्य चालू असते, याची त्या नोंद ठेवू लागल्या. जवळजवळ प्रत्येक वेळी दुसरेच निघाले. त्या वाक्याला पुरावा काय, असे त्यांना स्वतःलाच विचारायचे होते. पुरावा म्हणून त्यांच्याकडे निळ्या खुणेपलीकडे काहीच नव्हते, आणि निळी खूण फक्त निरोप उघडला गेला एवढेच सांगते. उघडणारी त्या क्षणी रात्रपाळीत होती की शंभर पोळ्या लाटत होती, हे सांगत नाही.

याच बोलण्यात ताईंना वसतिगृहातला दिवाळी अंक आठवला. सगळ्यांनी वर्गणी काढून एकच अंक आणायचा, तो एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जायचा, आणि पुढचीच्या हातात देताना “ही कथा वाच, तुझ्या आजीसारखी म्हातारी आहे हिच्यात” असे काहीतरी सांगितले जायचे. वाचून झाल्यावर समासात पेन्सिलीने शेरा लिहायचा हा नियम होता. मी त्यांना म्हणाले की पाठवणे थांबवू नका, पण आता काही आठवडे त्याच रीतीने पाठवा: एका वेळी एक गोष्ट, एकाच मैत्रिणीला, ती तिलाच का पाठवली हे सांगणारी दोन वाक्ये आणि शेवटी ‘उत्तराची घाई नाही’. पूर्ण पुस्तकांच्या फिरत्या पीडीएफ पाठवण्याची त्यांची सवयही मी थांबवायला सांगितली. लेखकाच्या कष्टाचा त्यात अनादर होतोच, शिवाय दोनशे पानांची फाइल आली की घेणाऱ्याच्या मनावर वाचण्याचे ओझे येते. मराठी विश्वकोशातील नोंदी संकेतस्थळावर खुल्या आहेत आणि राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकेही मोफत उतरवून घेता येतात. वाचनप्रेमी माणसाला पाठवायला एवढा साठा पुष्कळ आहे.

कोड्याचा प्रश्न थोडा वेगळा होता. ताईंनी पाठवलेले कोडे देवळालीचे शिक्षक आणि गणितज्ञ द. रा. कापरेकर यांच्या शोधावर आधारलेले होते. सगळे अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. उदाहरणार्थ ३५२४ घेतल्यास ५४३२ उणे २३४५ बरोबर ३०८७, मग ८७३० उणे ०३७८ बरोबर ८३५२, आणि असेच पुढे. फार तर सात फेऱ्यांत प्रत्येकजण एकाच संख्येवर येऊन थांबतो. ताईंनी कोड्याच्या खालच्याच ओळीत ती संख्या लिहून टाकली होती. मग समोरच्याला करण्यासारखे उरले काय? कोडे पाठवणे म्हणजे दुसऱ्याला सापडण्याचा आनंद देणे, आणि तो आनंद ताई नकळत स्वतःकडे ठेवत होत्या. म्हणून ती संख्या मीही येथे लिहिलेली नाही. कागद-पेन्सिल घेऊन ८३५२ वर आणखी एक फेरी केली की ती समोर येईल.

पुढच्या काही आठवड्यांत जे घडले ते सगळे गोड नव्हते. बदनापूरच्या मैत्रिणीचा त्याच संध्याकाळी फोन आला. ॲप घेतले होते, पण सूचना चालू कशा करायच्या हे कळत नव्हते, आणि ते सांगता सांगता दोघी तासभर बोलल्या. दासोपंतांनी कापडावर लिहिलेली पासोडी पाहायला आपण गेलो होतो ते आठवते का, असे विचारून पाठवलेल्या लेखाला एकीने चार दिवसांनी नुसता अंगठा दाखवला. तिसरीने स्पष्ट लिहिले, “अगं, मला कोडी पाठवू नकोस. शाळेत गणितानं इतका मार खाल्लाय की आकडे दिसले तरी पोटात गोळा येतो.” ताईंना क्षणभर लागले, पण मला हे उत्तर फार मोलाचे वाटले, कारण इतक्या वर्षांत तिने ही गोष्ट पहिल्यांदाच सांगितली होती. कोडी मात्र तिच्या आठवीतल्या लेकीला आवडतात, असेही तिने कळवले.

पुण्याच्या मैत्रिणीचे कारण तर कोणाच्याच ध्यानात आले नसते. तिला मराठी टंकलेखन जमत नव्हते, आणि मोडक्या रोमन लिपीत लिहिले तर ताईंसारख्या वाचणाऱ्या मैत्रिणीला काय वाटेल म्हणून ती गप्प राहत असे. गूगलच्या कीबोर्डवर २०१७ पासून मराठी बोलून लिहिण्याची सोय आहे. भाषा मराठी निवडायची, माइकवर बोट ठेवायचे आणि बोलायचे. ताईंनी तिला ते फोनवरून शिकवले. आता पोळ्या आटोपल्या की तिचे लांबलचक निरोप येतात, विरामचिन्हांशिवाय, आणि ताई ते आवडीने वाचतात.

नांदेडच्या परिचारिका मैत्रिणीने मात्र कशालाच उत्तर दिले नाही. ताईंनी विचारले, “मग हिला पाठवणं सोडून देऊ का?” पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन मी त्यांना सांगितले: बऱ्याच दिवसांत संपर्क नसलेल्या माणसाला चार ओळींची चिठ्ठी किंवा लहानशी भेट पाठवली तर त्याला किती आनंद होईल, याचा पाठवणाऱ्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा सातत्याने कमी निघाला. तरीही सरासरीवरून एका माणसाचे मन सांगता येत नाही. ती खरोखर दुरावली असण्याची शक्यता आहे, हे मी ताईंपासून लपवले नाही. समुपदेशकाने नुसता दिलासा देऊन चालत नाही. तसे निघाले तर वाईट वाटेल आणि वाटूही द्यावे, पण त्यावरून स्वतःची किंमत ठरवू नये, यावर आम्ही पुष्कळ बोललो.

झोप दीड-दोन महिन्यांत सुधारली. फोन रात्री स्वयंपाकघरात ठेवण्याचा त्यात वाटा होता आणि दर रविवारी लातूरला मुलाशी निवांत बोलण्याचाही होता. ज्यांची झोप अशी आठवडेच्या आठवडे उडालेली आहे, ज्यांना सतत रडू येते किंवा जगणे नकोसे वाटते, त्यांनी मैत्रिणींच्या उत्तराची वाट पाहत बसू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत उपलब्ध आहे.

ग्रुप ताईंनी सोडलेला नाही. भेटीची तारीख ठरवणे, कोणाच्या घरचे कार्य, कोणाचे आजारपण अशा सगळ्यांच्या गोष्टी तिथे जातात, आणि वाचलेले, सापडलेले, सोडवलेले ज्याचे त्याला वेगळे जाते. नांदेडच्या मैत्रिणीला दिवाळीत एक कथा पाठवायची आणि सोबत तिच्या ड्यूटीची चौकशी करायची, मग संक्रांतीपर्यंत काही पाठवायचे नाही, असे त्यांनी स्वतःच ठरवले आहे.