पाचापैकी दोन

"मॅडम, लेखीला डिस्टिंक्शन आणि प्रॅक्टिकमच्या प्रगती अहवालात पाचापैकी दोन. मी या क्षेत्रासाठी नाहीच का?"

मानसशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी प्रॅक्टिकमचे, म्हणजे देखरेखीखाली क्लायंटसोबत केलेल्या प्रत्यक्ष कामाचे, अहवाल हातात पडले की थोड्याफार फरकाने हेच विचारतात. त्यातल्या एकीची ही गोष्ट, ओळख पटेल असं सगळं बदलून.

कोर्स सोडू का, यातच माझ्याकडची समुपदेशनाची दोन सत्रं गेली. तिसऱ्यांदा म्हटलं, अहवालच घेऊन ये. घड्या घालून मऊ पडलेला कागद. कोपऱ्यात पेनाने बेरीज: 14 मुद्दे, 70 पैकी 31, म्हणजे 44 टक्के.

"ही बेरीज सुपरव्हायजर सरांनी केली?"

"नाही, मीच."

"तळाची बारीक अक्षरं वाच."

तिने मोठ्याने वाचलं. 1 म्हणजे सतत देखरेख हवी, 2 जवळून देखरेख, 3 नेहमीची देखरेख पुरते, 4 क्वचित, 5 स्वतंत्रपणे काम करू शकते. मध्येच थांबली. "म्हणजे पहिल्याच प्रॅक्टिकमला..."

"पाच कोणाला मिळायला हवेत?"

ती हसली. तीन सत्रांत पहिल्यांदाच.

श्रेणी दोन प्रकारच्या असतात. एकीत त्या टप्प्यावरच्या अपेक्षेशी तुलना असते. तिथे दोन ही काळजीची गोष्ट. दुसरीत स्वतंत्र व्यावसायिकाशी तुलना असते. तिथे सुरुवातीला दोन येणारच. म्हणून सुपरव्हायजरना पहिला प्रश्न हाच विचारा: हा आकडा कशाच्या तुलनेत? आणि अशा आकड्यांची टक्केवारी काढू नका, ती निरर्थक असते. लेखीचे गुण इथे का दिसत नाहीत, तेही सरळ आहे. वैद्यकीय शिक्षणातले जॉर्ज मिलर यांनी 1990 मध्ये चार पायऱ्या मांडल्या: माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं, प्रत्यक्ष कामात करणं. लेखी पेपर पहिल्या दोन पायऱ्यांपाशी संपतो.

पण त्या कागदावर 2 अकरा ठिकाणी होता, 4 दोन ठिकाणी आणि 1 एकाच ठिकाणी. त्या एकावरून तिची नजर दोनदा घसरून गेली. 'अभिप्राय स्वीकारणे.'

"सरांनी चूक दाखवली की तुझ्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघतं?"

बराच वेळ शांतता. मग हळूच, "हो सर, पण क्लायंटच तशी होती."

स्वतःचंच वाक्य ऐकून ती गप्प झाली. मीही काही बोलले नाही. समजावून सांगायचा मोह इथे आवरावा लागतो. माझा कल वर्तनाकडे आहे. स्वभाव शोधत बसण्यापेक्षा मी वाक्य विचारते, कारण वाक्य बदलता येतं.

तिने ठरवलं: सर सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहायचं, परत वाचून दाखवायचं, "कोणत्या मिनिटाला?" विचारायचं, आपलं मत त्यानंतर. शिवाय सुरुवातीचं एक आणि अलीकडचं एक अशी दोन रेकॉर्डिंग्ज विभागातच बसून ऐकायची. प्रत्येकातली मधली 15 मिनिटं घेऊन आपले प्रश्न किती आणि क्लायंटचंच म्हणणं आपण परत मांडलं किती वेळा, ते मोजायचं. माझ्याकडे फक्त आकडे आणायचे. कारण रेकॉर्डिंगला क्लायंटची संमती प्रशिक्षणापुरतीच असते. आधी 31 प्रश्न आणि 4 वेळा परत मांडणं, आता 14 आणि 9. प्रेरक मुलाखत ही क्लायंटची स्वतःची बदलाची इच्छा जागवणारी समुपदेशनाची पद्धत; तिच्या मूल्यमापनात एका प्रश्नामागे निदान एकदा परत मांडणं ही प्राथमिक पातळी धरतात. किती पुढे आलो आणि किती उरलंय, हे तिला माझ्याविना कळलं.

आता त्या अकरा दोनांविषयी. रकानाभर एकच आकडा दिसला की मला शंका येते. अहवाल सेमिस्टरच्या शेवटी आठवणीवर भरला, तर एकाच ठशाचा रंग सगळ्या मुद्द्यांना लागतो. मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकने 1920 मध्येच ही खोड दाखवली. तेव्हा "माझी किती सत्रं प्रत्यक्ष किंवा रेकॉर्डिंगवर पाहिली?" हे सुपरव्हायजरना नम्रपणे विचारा. एकही नसेल तर एक तरी पाहण्याची विनंती करा. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या मान्यतेच्या निकषांत प्रॅक्टिकमच्या प्रत्येक मूल्यमापनाला थेट निरीक्षणाचा आधार लागतो.

सुधारणा योजना दिली असेल तर ती लेखी घ्या: कोणतं वर्तन, कोणत्या तारखेपर्यंत, कोण पाहणार, नाही जमलं तर पुढे काय. 'व्यावसायिकता वाढवा' ही योजना नव्हे. 'सत्राच्या नोंदी 24 तासांत पूर्ण' ही योजना.

पुढच्या अहवालात तिच्या त्या एकाचे तीन झाले. बाकीचे 2 बहुतेक 2च राहिले. कोपऱ्यात बेरीज मात्र नव्हती.