पित्ताशयाच्या रिपोर्टातलं 'बिनाइन' : 'सौम्य' म्हणावं का?

प्रश्न असा आहे की आईच्या सोनोग्राफीत पित्ताशयात पॉलिप (आतल्या भिंतीवर आलेला उंचवटा) निघाला, पुढे 'बिनाइन' लिहिलंय, त्याचं मराठी 'सौम्य' असं सांगितलं तर आई घाबरली, म्हणाली म्हणजे कॅन्सर आहे, पण थोडा आहे का?

आईंनी शब्दाचा जो अर्थ घेतला तो मराठीत बरोबरच आहे. सौम्य ताप, सौम्य झटका म्हणतो तेव्हा आजार तोच असतो, जोर कमी एवढंच. बिनाइनमध्ये जातच वेगळी, ते आजूबाजूला घुसत नाही, दुसऱ्या अवयवात पसरत नाही. पुस्तकात सौम्य चालेल, घरात 'साधं दिसतंय' किंवा सरळ 'कॅन्सर वाटत नाही' म्हणावं.

'गाठ' हा शब्दही इथे जपून वापरा. खडा म्हणजे गाठ नव्हे, सोनोग्राफीत त्याच्यामागे काळी सावली पडते आणि कूस बदलली की तो सहसा सरकतो (कूस बदलायला लावतात ते यासाठीच), पॉलिप भिंतीला धरून असतो, हलत नाही. बहुतेक पॉलिप म्हणजे भिंतीत साठलेलं कोलेस्टेरॉल, बारीक आणि बरेचदा एकाहून जास्त. 10 मिमी किंवा त्याहून मोठा असेल तर सहसा पित्ताशय काढायला सांगतात, लहान असेल तर वय वगैरे बघून ठरवतात. आणि 'भिंत जाड' हे निदान नाहीच, नुसतं वर्णन आहे, 3 मिमीच्या वर गेली की लिहितात, सूज आली की जाडावते, डेंग्यूत जाडावते, लिव्हरच्या आजारात जाडावते, अहो काही खाऊन तपासणीला गेलं तरी पित्ताशय आकसून ती जाड दिसते. एकाच जागी वेडीवाकडी जाड असेल किंवा लिव्हरकडची कड पुसट असेल तर मात्र सीटी, एमआरआय करायलाच हवं.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते क्रियापद. रिपोर्टात बहुधा 'बिनाइन असावं' अशा अर्थाचं लिहिलेलं असतं आणि घरी सांगताना आपण त्याचं 'आहे' करून टाकतो. असं करू नका. झँथोग्रॅन्युलोमॅटस कोलेसिस्टायटिस म्हणून एक जुनाट सूज असते, ती कॅन्सर नाही तरी सीटीवर अगदी तशीच दिसू शकते, आणि उलट खड्यांसाठी काढलेल्या पित्ताशयात कधीकधी कॅन्सर निघतो. 'आहे' म्हणायचं ते पॅथॉलॉजीचा (काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात त्याचा) रिपोर्ट आल्यावर, म्हणून काढलेलं पित्ताशय तपासायला गेलं ना हे आवर्जून विचारा.

अजून एक, या पिशवीतलं पित्त म्हणजे लिव्हरमध्ये तयार होणारा पाचक रस. आपण आंबट ढेकरांना पित्त म्हणतो आणि अंगावर उठतं त्यालाही पित्त म्हणतो, ती वेगळी, त्यामुळे पित्ताच्या गोळ्यांनी पॉलिप जाणार नाही. मधेच कावीळ दिसली, वजन उतरायला लागलं किंवा उजव्या कुशीत वर सतत दुखायला लागलं तर पुढच्या सोनोग्राफीच्या तारखेपर्यंत थांबू नका, लगेच दाखवा.