आरे-वारे आलं आणि गेलं, काचसुद्धा खाली झाली नाही

मे-जून आला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो, मैत्रिणीबरोबर फिरायला गेले आणि भांडूनच परत आलो, आता मैत्री संपली का? त्यावर एक केस सांगते. तिला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

दोघी पुण्याच्या, शाळेपासूनच्या मैत्रिणी, आता चाळिशीला टेकलेल्या. मुलांना आजीकडे ठेवून चार दिवस कोकण. ताम्हिणी उतरून दिवेआगर, हरिहरेश्वर, मग किनाऱ्याकिनाऱ्याने गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी. हा रस्ता ज्यांनी केलाय त्यांना माहितीये, मॅपवर गावं अगदी चिकटून दिसतात पण मध्ये खाड्या आहेत, बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवा आणि वेसवीला उतरवा, पुढे दाभोळ-धोपावे, हेदवीच्या पुढे परत तवसाळ-जयगड. म्हणजे तीनदा जेट्टीवर ताटकळणं, तेही मे महिन्यातल्या त्या चिकट उकाड्यात.

तिसऱ्या जेट्टीवर ठिणगी पडली. बोट नुकतीच सुटलेली. मैत्रीण सहज म्हणाली, "हेदवीला जरा जास्तच वेळ गेला का गं?" आणि ही, म्हणजे माझ्याकडे आलेली, फाडकन म्हणाली, "तू काय, नुसती बसलीयेस! गाडी मी चालवतेय, रूम मी शोधतेय, तुला काही विचारलं की तुझं आपलं काहीही चालेल!" झालं. तोंडं बंद झाली ती थेट पुण्यापर्यंत. आरे-वारेचा तो वळणावरून दिसणारा समुद्र, ज्याच्यासाठी खरं तर ट्रिप ठरली होती, तो आला आणि गेला, काचसुद्धा कोणी खाली केली नाही.

तीन आठवडे अबोला. माझ्यासमोर बसून रडायला लागली, पंचवीस वर्षांची मैत्री एका वाक्यात घालवली म्हणे.

मी आधी बोअर प्रश्न विचारले. झोप किती झाली होती, खाल्लं काय होतं. चार-पाच तास झोप, सकाळपासून स्टिअरिंगवर, पोटात एक वडापाव आणि कोकम सरबत. म्हटलं, आवाज चढला तो उन्हाच्या आणि भुकेच्या नावावर टाकू, पण शब्द काही उन्हात तयार झाले नाहीत, ते दिवेआगरपासूनच आत शिजत होते.

मग कागदावर दोन रकाने काढले, चार दिवसांत कोणी काय काय ठरवलं. हिचा रकाना पान भरून खाली आला, मैत्रिणीच्या रकान्यात एवढंच, सुरमई की बोंबील. ही लगेच खुलली, बघा म्हणाली, मी म्हणत नव्हते? मी विचारलं, तिला चावी कधी दिलीस? गप्प. "तिने मागितलीच नाही." बरं, तू विचारलंस? परत गप्प.

मला स्वतःला ते 'काहीही चालेल' आवडत नाही. बोलणाऱ्याला वाटतं आपण समजूतदार आहोत, आणि समोरच्याच्या डोक्याला सगळा ताप. पण हिने तरी दमलेय असं एकदा म्हणायचं होतं ना, तेही नाही, सगळं मनात. (मैत्रीण एरवीही तुम्हाला कमी लेखत असेल, तर ती गोष्टच वेगळी, ट्रिपचा तिथे काही संबंध नाही.)

तिने मेसेज आधीच टाइप करून ठेवला होता, "सॉरी, पण मी खूप दमले होते". म्हटलं 'पण'पासून पुढचं सगळं उडव. शेवटी गेला तो असा, "जेट्टीवर तुला नुसती बसलीयेस म्हणाले ते चुकलं माझं. भेटूया का?" चार दिवस उत्तर नाही, तिचे मला दोन फोन, मी म्हटलं दुसरा मेसेज अजिबात टाकू नकोस, तिला राग गिळायला वेळ लागतोय तर लागू दे.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. "अगं वेसवीलाच म्हणणार होते की आता मी चालवते, पण तुला माझ्या ड्रायव्हिंगचा भरवसा नाही असं वाटलं, म्हणून बोललेच नाही."

डिसेंबरात दोघी परत गेल्या, या वेळी रत्नागिरीच्या खालचा राहिलेला किनारा, पावस, विजयदुर्ग, मालवण. जैतापूरपर्यंत ती चालवणार, पुढे ही, असं निघायच्या आधीच ठरलेलं. भांडण झालं का विचारलं तर म्हणाली, झालं की, देवगडला, जेवायला कुठे थांबायचं यावरून, आणि जेवण येईपर्यंत मिटलंसुद्धा.